हलका माणूस

नागपूरच्या इतवारीत, एका अरुंद गल्लीत, एक शिंपी राहत होता. अंगाने काटकुळा, चालायला हळू आणि बोलायला त्याहून हळू. त्याचं वजन ४५ किलोच्या वर कधी गेलं नाही. दोन पायऱ्या, एक फळी आणि पायाने चालवायचं मशीन एवढंच त्याचं दुकान. लोक त्याला टेलरभाऊ म्हणत.

गल्लीच्या टोकाला धान्याची दुकानं होती. तिथे एक हमाल काम करत होता. रुंद छातीचा, मानेवर घट्टे पडलेला. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन तो फळीवरून चढत जाई आणि थप्पीवर नेमकं टाकून येई. तेव्हा पोतं शंभर किलोचंच असे. ते पन्नास किलोचं व्हावं म्हणून हमालांना पुढे कितीतरी वर्षं भांडावं लागलं. या हमालाला सगळे दादा म्हणत. गल्लीत कुणाचं कपाट हलवायचं असलं, कुणाची गाडी चिखलात रुतली, की दादाला हाक जाई. तोही हातातलं काम टाकून येई. मनाचा चांगला होता.

ते १९७१ साल होतं. युद्धाचे दिवस होते. गावोगावी नागरी संरक्षणाचे वर्ग भरत होते. नागपूरला तर या शिक्षणाचं माहेरच होतं. सिव्हिल लाइन्समध्ये १९५७ साली केंद्र सरकारने एक संस्था सुरू केली होती. पूर, आग, भूकंप अशा वेळी माणसं कशी वाचवायची हे तिथे शिकवलं जाई. १९६८ पासून तिला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणू लागले. अग्निशमन दलाचं राष्ट्रीय महाविद्यालयही सुरुवातीला रामपूरला निघालं आणि १९५७ सालीच नागपूरला आलं. पडलेल्या माणसाला कसं उचलावं हे शिकायला देशभरातून लोक या शहरात येत होते आणि अजूनही येतात.

त्या संस्थेत शिकलेले एक मास्तर दर रविवारी सकाळी गल्लीजवळच्या शाळेच्या मैदानावर येऊ लागले. मोहल्ल्यातले पंधरावीस जण जमत. दुकानदार होते, कॉलेजची पोरं होती, दोन शिक्षिका होत्या, एक दूधवाला होता. टेलरभाऊही जाई.

पहिल्याच रविवारी मास्तरांनी विचारलं, "बेशुद्ध कोण होणार?"

सगळ्यांनी टेलरभाऊकडे पाहिलं. उचलायला तोच सोपा होता. तो काही बोलला नाही. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मातीत आडवा झाला.

त्या दिवसापासून ते कामच त्याच्याकडे आलं. बाकीचे उचलायला शिकत आणि टेलरभाऊ पडून राही.

सुरुवातीला त्याला ते नीट जमत नव्हतं. कुणी खांद्यावर घेतलं की त्याचा हात आपोआप समोरच्याच्या मानेभोवती जाई. तोल गेला की तो पाय आखडून घेई. मास्तर म्हणत, "टेलरभाऊ, बेशुद्ध माणूस धरत नाही. तुम्ही धरता, म्हणून यांना तुम्ही हलके वाटता."

मग मास्तर सगळ्यांना समजावून सांगत. शुद्धीवर असलेल्या माणसाला आपण उचलतो तेव्हा अर्धं काम तोच करत असतो. तो मान सावरतो, हाताने पकडतो, स्वतःचं अंग आपल्या अंगाजवळ ठेवतो. शुद्ध हरपली की वजन वाढत नाही, पण ती मदत थांबते. हात एकीकडे जातो, डोकं दुसरीकडे, कंबर मध्येच खचते. म्हणून पाठुंगळीला घेणं, किंवा दोघांनी मनगटं धरून चार हातांची बैठक करणं, हे प्रकार शुद्धीवरच्या माणसासाठी. त्याला धरता आलं पाहिजे, बसता आलं पाहिजे. बेशुद्ध माणसासाठी वेगळे प्रकार शिकावे लागतात.

टेलरभाऊ हे ऐकत होता. घरी गेल्यावर रात्री अंथरुणावर पडून तो अंग सोडायचा प्रयत्न करू लागला. धुतलेलं कापड काठीवर टाकलं की जसं आपल्या भाराने लोंबतं, तसं अंग झालं पाहिजे, असं त्याने मनाशी धरलं. आधी हात सुटले. मग पाय सुटले. मान मात्र पुष्कळ दिवस सुटली नाही. माणूस सगळं सोडतो, पण मान सोडायला भितो. शेवटी एका रविवारी तीही सुटली. त्या दिवशी कॉलेजच्या एका पोराने त्याला खांद्यावर घेतलं आणि दोन पावलांत गुडघ्यावर आला. मास्तर म्हणाले, "आज तुम्ही खरे बेशुद्ध झालात."

आता टेलरभाऊला डोळे मिटून पुष्कळ काही कळू लागलं. कुणाचे हात घाबरलेले आहेत, कुणाचे घाईत आहेत, हे पहिल्या स्पर्शातच कळे. घाबरलेला माणूस बोटांनी धरी आणि त्याची नखं रुतत. घाईतला माणूस आधी ओढी आणि मग विचार करी. शिक्षिकाबाई तळहात पाठीखाली सरकवत आणि मगच भार घेत. त्यांच्या हातात गेलं की त्याला निर्धास्त वाटे. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. चौघे जण उचलायला आले की दोघे हात धरत, दोघे पाय धरत. डोकं कुणीच धरत नसे. ते मागे लोंबत राही.

कवायत संपली की तो अंगावरची माती झटकी आणि एकेकाला हळूच सांगे. "तुमी काखेत धरलं ते चांगलं होतं जी, पण मान मोकळी सोडली." "तुमी फार लवकर उठलात, माझी पाठ मुरगळली." लोक ऐकून घेत. ज्याला उचललं तोच सांगतो आहे, तेव्हा वाद घालायला जागा नव्हती.

एका रविवारी दादा हमाल मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. थोडा वेळ त्याने पाहिलं. मग पुढे आला, टेलरभाऊला एका हाताने कमरेत धरून उचललं आणि मैदानाला फेरी मारून परत आणून ठेवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "एवढंच ना?" असं म्हणून दादा बाजारात निघून गेला. त्याचा माल उतरायचा होता.

हिवाळा गेला. युद्ध संपलं. रविवारची गर्दी कमी झाली, पण मास्तर येत राहिले आणि टेलरभाऊ पडत राहिला.

मग मे महिना आला.

नागपूरचा मे ज्याने अंगावर काढला आहे त्याला तो सांगायला नको. सकाळी नऊलाच रस्ता तापतो. दुपारी गल्ल्या ओस पडतात. लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात, घरी कैरीचं पन्हं करतात आणि नवतपा कधी सरतो याचे दिवस मोजतात. याच शहरात पुढे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

अशाच एका दुपारी धान्याच्या एका दुकानातले मुनीमजी माळ्यावर रिकामं बारदान मोजायला चढले. माळ्याला वर पत्रे होते आणि खिडकी नव्हती. मुनीमजी वयाने पन्नाशीचे, अंगाने भारी. तासभर झाला तरी खाली आले नाहीत म्हणून पोऱ्याला वर पाठवलं. तो तसाच धावत खाली आला.

"मुनीमजी पडले!"

क्षणात दुकानासमोर माणसं जमली. जिना लाकडी, उभा आणि एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद. चार जण वर गेले. मुनीमजी बारदानाच्या ढिगाशेजारी उताणे पडले होते. चेहरा लाल झाला होता, श्वास घरघरत होता. हाक मारली तर ओ येईना. कुणी त्यांच्या नाकाशी कांदा धरला. कुणी चप्पल धरली. कुणी तांब्या आणून तोंडात पाणी ओतायला निघाला. खाली उभे असलेले लोक आपसांत बोलत होते. हलवावं की हलवू नये? उचलताना काही झालं तर? पोलीस विचारतील तेव्हा काय सांगायचं? जो तो दुसऱ्याकडे पाहत होता.

तेवढ्यात दादा आला. "सरका," म्हणाला आणि वर चढला.

त्याने वाकून मुनीमजींच्या काखेत हात घातले आणि उचललं. खांदे वर आले, पण बाकीचं अंग खालीच राहिलं. डोकं मागे पडलं. त्याने पुन्हा खाली ठेवून कमरेत हात घातला. आता कंबर उचलली गेली आणि दोन्ही बाजूंनी अंग निसटलं. हात फळीवर आपटला. पोत्याला कान असतात, ते धरता येतात. पोतं पाठीवर बसलं की बसतं, हलत नाही. या देहाला कुठे धरावं हेच त्याला कळेना. त्याने तिसऱ्यांदा जोर लावला. गुडघा बारदानात घसरला आणि तो मुनीमजींसकट खाली बसला. घामाने त्याचे हात ओले झाले होते. गल्लीतल्या सर्वांत बलवान माणसाला उठता येईना, हे पाहून बाकीचे आणखी मागे सरले.

टेलरभाऊ तोवर जिना चढून वर आला होता. गळ्यात मोजपट्टी होती, हातात कात्री तशीच राहिली होती.

"थांबा दादा," तो म्हणाला. "एकदम नका उचलू जी. आधी श्वास पाहू द्या."

तो मुनीमजींच्या डोक्याशी बसला. कपाळावर हात ठेवला. अंग भट्टीत असल्यासारखं तापलं होतं. त्याला मास्तरांचे शब्द आठवले. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूला इजा होऊ लागते, म्हणून आधी माणसाला उन्हातून काढायचं आणि गार करायचं. बेशुद्ध माणूस उताणा राहिला तर जीभ मागे पडून श्वास अडतो, म्हणून त्याला कुशीवर करायचं. त्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत उतरतं.

त्याने तांब्या घेतला आणि ते पाणी मुनीमजींच्या मानेवर आणि छातीवर ओतलं. मग दादाला सांगून त्यांना कुशीवर वळवलं. घरघर कमी झाली. वर आलेल्या चौघांनीही ती कमी झालेली ऐकली, आणि त्यांचे चेहरे बदलले.

"खाली नेलं पाह्यजे," टेलरभाऊ म्हणाला. "इथं पत्र्याखाली हे वाचत नाईत."

"पण माझ्याच्यानं उचलल्या नाही जात," दादा म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून गल्लीने पहिल्यांदाच ऐकलं.

"उचलायचंच नाही. उतरवायचं."

टेलरभाऊने स्वतःचा दुपट्टा काढला आणि मुनीमजींची दोन्ही मनगटं छातीवर सैल बांधली, म्हणजे हात जिन्यात अडकणार नाहीत. पाठीखाली बारदानाची दोन पोती सरकवली. मग दादाला जिन्याच्या तोंडाशी बसवलं.

"तुमी मागं मागं उतरा. दोन्ही हात काखेतून घ्या. डोकं तुमच्या हातावर येऊ द्या, असं. हातापायाचं राहू द्या दादा, डोकं सोडू नका."

एकाला त्याने दादाच्या खालच्या पायरीवर उभं केलं आणि दादाच्या कमरेला आधार द्यायला सांगितलं. स्वतः वर राहून त्याने मुनीमजींचे पाय धरले, घसरण फार वेगाने होऊ नये म्हणून. आणि एकेक पायरी मोजत ते उतरू लागले. पायरीवर पाठ टेके, बारदान घसरे, दादा एक पाऊल मागे घेई. कुणी घाई केली की टेलरभाऊ वरून म्हणे, "हळू. त्याले लागते."

मुनीमजींना तेव्हा काही लागत होतं की नाही, कोण जाणे. पण टेलरभाऊ ज्या खात्रीने म्हणाला त्या खात्रीमुळे सगळ्यांचे हात मऊ झाले.

खाली आल्यावर पडवीच्या सावलीत त्यांना निजवलं. कपडे सैल केले. अंगावर ओली चादर घातली आणि दोन बायकांनी सुपाने वारा घालायला सुरुवात केली. तोवर टेलरभाऊने दोन बळकट पोती घेतली आणि कात्रीने त्यांच्या तळाचे दोन्ही कोपरे कापले. ताडपत्रीचे दोन बांबू त्यांतून आरपार ओवले. मास्तरांनी हे मैदानावर एकदा करून दाखवलं होतं. स्ट्रेचर तयार झालं. दादाने ते एकदा दाबून पाहिलं आणि मान हलवली. बारदान किती भार घेतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पाच जण पुढे आले. मघाशी मागे सरलेलेच होते ते. आता त्यांना कुठे उभं राहायचं ते कळत होतं. दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या बाजूला, एक पायाशी. डोक्याशी दादा स्वतःहून बसला. "एक, दोन, तीन," टेलरभाऊ म्हणाला. मुनीमजी एकसंध वर आले आणि स्ट्रेचरवर गेले. मग हातगाडीवर. गाडी मेयो हॉस्पिटलकडे निघाली. बायका शेजारून चालत वारा घालत राहिल्या आणि पोऱ्या बादलीतलं पाणी चादरीवर शिंपडत राहिला.

तीन दिवसांनी मुनीमजी उठून बसले. आठ दिवसांनी घरी आले.

ज्या दिवशी त्यांना मेयोत नेलं, त्या संध्याकाळी दादा शिंप्याच्या पायरीवर येऊन बसला. बराच वेळ तो गप्प होता. टेलरभाऊ मशीन चालवत होता.

"मी क्विंटल उचलतो टेलरभाऊ," दादा शेवटी म्हणाला. "मुनीमजी का क्विंटलचे असन? ऐंशी किलो असन फार तर. मंग काऊन नाही उचलल्या गेले?"

टेलरभाऊने मशीन थांबवलं.

"पोतं तुमच्या पाठीवर कोण देते दादा?"

"दोघं जण देतात. हा धरते, तो धरते, मी वाकतो."

"मंग मुनीमजीले तुमच्या पाठीवर कोण देणार होतं?"

दादा विचारात पडला. इतकी वर्षं तो पोती वाहत होता आणि ती पाठीवर देणारे दोघे त्याच्या हिशेबात कधी आलेच नव्हते.

"आन तुमाले कोणी उचललं का कधी?" टेलरभाऊने विचारलं.

दादाने डोक्याचा दुपट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. "मायनं उचललं असन. लहान होतो तेव्हा. त्यानंतर कोण उचलणार मले?"

पुढच्या रविवारी तो मैदानावर आला. मास्तरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोण पडतं?" टेलरभाऊ चपला काढू लागला, तेव्हा दादाने त्याला हाताने थांबवलं.

"आज मी पडतो मास्तर. तुमी यांले सगळे प्रकार या पंचेचाळीस किलोवर शिकवले. खरा पडणारा का तेवढ्या वजनाचा असते?"

मास्तर क्षणभर पाहत राहिले. मग म्हणाले, "खरं आहे."

दादा मातीत आडवा झाला. पण त्याच्या अंगातून जोर काही जाईना. कुणी हात घातला की दंड ताठ व्हायचे. डोळे मिटलेले राहायचे नाहीत. उचललं की तो स्वतःच जमिनीवर पाय टेकवायचा. आयुष्यभर दुसऱ्याचा भार घेतलेल्या माणसाला आपला भार दुसऱ्याला देणं जमत नव्हतं. टेलरभाऊ त्याच्या डोक्याशी बसला, दोन्ही तळहात त्याच्या मानेखाली ठेवले आणि म्हणाला, "हे सोडा. बाकीचं मागून सुटते." पुष्कळ वेळ गेला. हळूहळू मान जड झाली. मग खांदे मातीला टेकले. मग सगळा दादा मातीवर पसरला.

त्या दिवशी शिक्षिकाबाई, दूधवाला आणि कॉलेजची चार पोरं मिळून त्याला उचलायला लागली. पहिल्या खेपेला उचललाच गेला नाही. दुसऱ्या खेपेला तिरका झाला. मग त्यांनी जागा बदलल्या, गुडघे वाकवले, पाठी सरळ ठेवल्या, तळहात खालून सरकवले आणि आकडे मोजून एकदम उठले. दादा वर आला. आणि उतरवल्यावर, अंगावरची माती न झटकताच, तो पहिलं वाक्य बोलला, "उजवीकडून कोण होतं? खूप चांगलं धरलं जी."

साध्या माणसाला बेशुद्ध माणूस उचलता येईल का, असं कुणी विचारलं की आपण आपल्या दंडाकडे पाहतो, आपलं वय आठवतो, पाठीचं दुखणं आठवतो. हा प्रश्न उचलणाऱ्याच्या बाजूने विचारला की त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं, आणि माणूस मागे सरतो. टेलरभाऊला तो प्रश्न दुसऱ्या बाजूने माहीत होता. पडलेल्याला आत्ता काय हवं आहे, एवढंच तो पाहत होता. श्वास मोकळा हवा होता, डोक्याखाली हात हवा होता, ऊन नको होतं. उचलणं त्यानंतरचं, आणि तेही एकट्याने करायचं नव्हतं. पोलिसांच्या भीतीने मागे सरणाऱ्यांसाठी पुढे कायदाही बदलला. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिलं आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच तसं कलम आलं. पहिला हात मात्र अजूनही माणसानेच पुढे करायचा असतो.

त्या रविवारी वर्ग संपायच्या आधी दूधवाल्याने मास्तरांना एक शंका विचारली. "मास्तर, सहा जण असले तर ठीक. पण घरात धूर भरला आहे आणि आपण एकटेच आहोत. आणि पडलेला माणूस दादाएवढा आहे. मग?"

"मग उचलायच्या नादी लागायचं नाही," मास्तर म्हणाले. "धूर वर जातो, जमिनीलगत हवा थोडी बरी असते. म्हणून खालूनच न्यायचं. टेलरभाऊ, या. आज तुम्ही करा."

टेलरभाऊ इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूला उभा राहिला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. पंचेचाळीस किलोचा माणूस आणि त्याच्यापुढे मातीत पसरलेला दादा.

मास्तरांनी सांगितलं तसं त्याने केलं. दादाला उताणं ठेवलं. त्याची दोन्ही मनगटं दुपट्ट्याने एकत्र बांधली. मग त्याच्या अंगावरून दोन्हीकडे गुडघे टेकून ओणवा झाला आणि ते बांधलेले हात आपल्या मानेत अडकवले. आता दादाचे खांदे त्याच्या मानेला टांगले गेले आणि डोकं जमिनीपासून थोडं वर आलं. मास्तरांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चुन्याची एक रेघ ओढली.

"चला," ते म्हणाले.

टेलरभाऊने एक हात पुढे टाकला, मग गुडघा, मग दुसरा हात. दादा वीतभर सरकला. पुन्हा हात, पुन्हा गुडघा. पुन्हा वीतभर. सुरुवातीला कुणी बोललं नाही. मग कॉलेजच्या पोरांपैकी एकाने मोजायला सुरुवात केली आणि बाकीचे त्याच्याबरोबर मोजू लागले. मध्ये दोनदा तो थांबला. एकदा त्याने दुपट्ट्याची गाठ नीट केली. एकदा मान वळवून त्याने दादाचं डोकं जमिनीला लागत नाही ना, ते पाहिलं. दादाने डोळे उघडले नाहीत आणि अंगही आखडून घेतलं नाही.

रेघ आली. टेलरभाऊने दादाचे पाय रेघेपलीकडे जाईपर्यंत त्याला नेलं, मग मान काढून घेतली आणि त्याला कुशीवर वळवलं. तो धापा टाकत उठला. त्याचे गुडघे सोलले होते.

"आता दूधवाले," मास्तर म्हणाले. "आणि त्यांच्यानंतर शिक्षिकाबाई."